‘कोर्ट’ : पुरस्कारांचा निकाल एक, प्रेक्षकांचे दोन

व्हेनिसपासून दिल्लीपर्यंत सन्मान मिळवून ‘ऑस्कर’च्या शर्यतीत उतरलेल्या ‘कोर्ट’ने मराठी प्रेक्षकांत सरळ दोन तट पाडले. एकाला जे असामान्य वाटले, तेच दुसऱ्याला कंटाळवाणे वाटले. या मतभेदाचे मूळ प्रेक्षकांच्या कुवतीत शोधण्यापेक्षा चित्रपटाच्या मांडणीत शोधले, तर अधिक काही हाती लागते.

उन्हाळी सुट्टीपूर्वीचे कामकाज संपते. न्यायाधीश आसनावरून उठतात, वकील कागद आवरतात, माणसे पांगतात. दिवे मालवले जातात आणि न्यायालयाची खोली काळोखात बुडते. कॅमेरा मात्र त्या रिकाम्या, अंधाऱ्या खोलीकडे पाहतच राहतो. नेहमीच्या सवयीने प्रेक्षक खुर्चीखालची चप्पल शोधू लागतो; चित्रपट संपला, अशी त्याची खात्री झालेली असते. पण चित्रपट संपलेला नसतो. पडद्यावर पुन्हा उजेड येतो आणि तेच न्यायाधीश सहकुटुंब सहलीला निघालेले दिसतात. विश्रामस्थळी गप्पा होतात, खाणेपिणे होते. दुपारी ते बाकावर बसल्या बसल्या पेंगतात. मुले ओरडून त्यांना दचकवतात, ते हाताला लागलेल्या मुलाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. येथे चित्रपट संपतो. तुरुंगात असलेल्या आरोपीचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’विषयीचा सगळा वाद या शेवटाभोवती फिरतो, असे म्हटले तरी चालेल. काहींच्या मते अलीकडच्या काळात मराठी चित्रपटाने केलेला हा सर्वांत बोचरा शेवट आहे. इतर काहींच्या मते हा शेवटच नव्हे. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला मधेच सोडून दिले आहे. दोन्ही बाजूंना सुजाण, चित्रपटाची आवड असलेले, तिकीट काढून गेलेले प्रेक्षक होते. म्हणूनच एका बाजूला ‘जाणकार’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सामान्य’ अशी सोपी विभागणी करून हा वाद मिटवता येत नाही.

आधी सन्मान, मग प्रेक्षक

या मतभेदाला एक पार्श्वभूमी आहे. ‘कोर्ट’ मराठी प्रेक्षकांसमोर आला तो रिकाम्या हाताने आला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. शिवाय पदार्पणाच्या चित्रपटासाठी दिला जाणारा ‘लायन ऑफ द फ्युचर’ हा सन्मानही मिळाला. दिग्दर्शक त्या वेळी २७ वर्षांचा होता. मुंबईच्या महोत्सवातही चित्रपटाने पारितोषिके पटकावली. मार्च २०१५ मध्ये ६२ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ ‘कोर्ट’ला मिळाले. त्यानंतर १७ एप्रिल २०१५ रोजी तो चित्रपटगृहांत झळकला. पुढे सप्टेंबरमध्ये अमोल पालेकर यांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने ऑस्करच्या परभाषिक चित्रपटांच्या विभागासाठी भारताचा चित्रपट म्हणून त्याचीच निवड केली.

मराठीला असे सन्मान नवे नव्हते. राष्ट्रीय पुरस्कारांचे पहिलेच सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले होते. त्यानंतर अर्धशतकाने २००४ मध्ये ‘श्वास’ने तो मान परत आणला आणि २०१२ मध्ये ‘देऊळ’ला तो ‘ब्यारी’बरोबर विभागून मिळाला. ऑस्करसाठी देशातर्फे ‘श्वास’ आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे दोन मराठी चित्रपट आधी गेलेले होते. या नामावळीकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ‘श्यामची आई’ने डोळ्यांत पाणी आणले. दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला जग दाखवून आणणारा ‘श्वास’मधील आजोबा घराघरांत आपला वाटला, त्या चित्रपटाला ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी पैसे दिले. दादासाहेब फाळक्यांची धडपड सांगणाऱ्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने हसवत हसवत अभिमान जागवला. पुरस्कार आणि प्रेक्षक यांचे या चित्रपटांबाबत फारसे भांडण झाले नाही. परीक्षकांनी ज्याला मान दिला, त्यालाच प्रेक्षकांनीही जवळ केले.

‘कोर्ट’च्या वेळी ही सवय मोडली. सुवर्णकमळाची बातमी वाचून चित्रपटगृहात गेलेल्या प्रेक्षकाला रडू आले नाही, हसू आले तरी ते अवघडलेले आले आणि अभिमान वाटावा असे तर पडद्यावर काहीच नव्हते. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेला ‘किल्ला’ आणि बालचित्रपटाचा पुरस्कार विभागून मिळवणारा ‘एलिझाबेथ एकादशी’ यांच्यात जी ऊब होती, ती येथे शोधूनही सापडत नव्हती. मग या चित्रपटात परीक्षकांनी पाहिले तरी काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते.

खटला आणि खटल्याभोवतीचे जग

चित्रपटाचे कथासूत्र एका परिच्छेदात सांगता येते. नारायण कांबळे हे उतारवयाकडे झुकलेले लोकशाहीर. मुलांच्या शिकवण्या घेतात, वस्त्यांमधून कार्यक्रम करतात. एका कार्यक्रमात गाणे रंगलेले असतानाच पोलीस व्यासपीठावर चढतात आणि त्यांना अटक होते. आरोप असा, की त्यांच्या एका गाण्याने प्रवृत्त होऊन वासुदेव पवार या गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. तत्कालीन भारतीय दंड संहितेचे कलम ३०६, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणे, त्यांना लावले जाते. असे गाणे आपण लिहिलेलेच नाही, असे कांबळे सांगतात. खटला सुरू होतो, तारखा पडतात. पोलिसांचा साक्षीदार हा याआधीही अनेक खटल्यांत साक्ष देऊन गेलेला ‘नेहमीचा’ निघतो. कांबळे यांना अखेर जामीन मिळतो. पण ते पुन्हा गातात, लिहितात, आणि या वेळी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पुन्हा आत जातात. तोवर न्यायालयाला सुट्टी लागलेली असते.

या कथेत नाट्य नाही, असे कोणीही म्हणणार नाही. एखाद्या सराईत पटकथाकाराच्या हाती हे सूत्र पडले असते, तर त्यातून उलटतपासणीचे चटपटीत प्रसंग, ऐन वेळी हाती येणारा पुरावा, बचावाच्या वकिलाचे तळमळीचे भाषण आणि शेवटी निकाल, असा भक्कम चित्रपट उभा राहिला असता. मराठी प्रेक्षकाच्या मनातील न्यायालय हे पूर्वापार असेच घडलेले आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खोट्या खटल्याचा खेळ पाहता पाहता खऱ्या क्रौर्यापर्यंत पोहोचतो आणि लीला बेणारेला शेवटी आपले म्हणणे मांडायला प्रदीर्घ स्वगत मिळते. ‘दामिनी’तील वकिलाचा तारखांविषयीचा संताप तर हिंदी चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानात आहे. न्यायालय म्हणजे जेथे शेवटी कोणीतरी खरे बोलते आणि सर्वांना ते ऐकावे लागते अशी जागा, हे गृहीतक या परंपरेने पक्के केले.

‘कोर्ट’ नेमके हे गृहीतक काढून घेतो. त्यातील न्यायालयात कोणी आवाज चढवत नाही. सरकारी वकील नूतन कायद्याची कलमे एकसुरात वाचत जातात. न्यायाधीश सदावर्ते साक्ष ऐकून ती लघुलेखकाला आपल्या शब्दांत सांगतात. साक्षीदाराचे चार वाक्यांचे बोलणे त्या वाटेने एका कोरड्या ओळीत उरते. बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून एका महिलेचे प्रकरण त्या दिवशी ऐकलेच जात नाही. शाहिरावरील आरोपाला बळ देण्यासाठी १८७६ सालचा, इंग्रजांनी केलेला नाट्यप्रयोगविषयक कायदा बाहेर काढला जातो. कोणीही दुष्ट नाही, कोणी लाच घेत नाही. सगळे आपापले काम करत असतात आणि त्या कामाच्या ओघात एका माणसाची वर्षे खर्ची पडत असतात.

कॅमेरा हलत का नाही?

प्रेक्षकांच्या तक्रारींमध्ये सर्वांत वरचा क्रमांक होता तो संथपणाचा. कॅमेरा एका जागी ठेवला आहे आणि तो तेथून हलतच नाही, अशी ही तक्रार. ती खरी आहे. मृणाल देसाई यांच्या छायाचित्रणात बहुतेक दृश्ये दुरून, स्थिर कॅमेऱ्याने आणि लांबलचक घेतलेली आहेत. बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दाखवणे जवळजवळ नाही. दुःखाच्या जागी पार्श्वसंगीत नाही. प्रसंगातील महत्त्वाचे बोलणे संपल्यावरही चित्र लगेच तुटत नाही. माणसे निघून गेल्यावर रिकामी उरलेली जागा काही क्षण दिसत राहते.

याचा परिणाम समजून घ्यायचा, तर नेहमीच्या चित्रपटात काय होते ते आठवावे लागेल. तेथे दिग्दर्शक प्रेक्षकाचे बोट धरून चालतो. नायिकेचा चेहरा जवळून दिसला की तिच्या भावनेकडे पाहायचे, सूर चढले की हेलावून जायचे, चित्र तुटले की पुढे सरकायचे. या खुणा इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या खुणा आहेत हेही जाणवत नाही. ‘कोर्ट’मध्ये त्या बहुतांशी काढून घेतल्या आहेत. न्यायालयाच्या एका चित्रचौकटीत न्यायाधीश, दोन्ही वकील, कारकून, पोलीस, आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारे इतर पक्षकार असे सगळेच असतात. कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षकाने ठरवायचे. ज्याने ठरवले, त्याला मागच्या बाकावर पेंगणारा माणूस दिसला, आपले प्रकरण पुढे ढकलले गेल्यावर मुकाट उठून जाणारी बाई दिसली. ज्याने दिग्दर्शक ठरवील म्हणून वाट पाहिली, त्याला काहीच घडताना दिसले नाही. एकाच दृश्याविषयी दोन प्रामाणिक प्रेक्षकांचे मत टोकाचे वेगळे होऊ शकते, ते यामुळे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष. नवरा काम कसे करत असे, हे वकिलाच्या प्रश्नांना उत्तरे देताना ती सांगते. गटारात उतरण्यापूर्वी आत हवा आहे की विषारी वायू, हे ओळखायला तो झुरळे बाहेर येतात का ते पाहत असे. झुरळ दिसले, तर आत जीव जगू शकतो. घाणीचा वास सहन व्हावा म्हणून तो दारू पीत असे. त्याचा एक डोळा आधीच गेलेला होता. सुरक्षेची साधने त्याला मिळालेली नव्हती. हे सगळे ती रडत नाही, ओरडत नाही. बाजाराचा हिशेब सांगावा तशी सांगते. आत्महत्येचा आरोप येथेच कोसळतो. माणसाला गाण्याने मारले नव्हते, त्याच्या कामाने मारले होते. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात हा क्षण ढोल वाजवून आला असता. येथे तो नोंदवहीतील एका साध्या नोंदीसारखा येतो आणि ज्याचे लक्ष क्षणभर विचलित झाले असेल, त्याच्या हातून निसटूनही जातो.

घरी गेलेले वकील

दुसरी मोठी तक्रार होती ती भरकटण्याची. खटला रंगात येऊ लागला, की चित्रपट न्यायालय सोडून भलतीकडेच जातो. बचावाचे वकील विनय व्होरा, ही भूमिका करणारे विवेक गोम्बर चित्रपटाचे निर्मातेही आहेत, सुखवस्तू गुजराती घरातले. ते एकटे राहतात, मोटारीत जॅझ ऐकतात, महागड्या दुकानातून चीज आणि वाइन घेतात आणि आईवडिलांकडे जेवायला गेले की लग्नाचा विषय निघून खटके उडतात. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, लोकलने घरी जातात. डब्यात शेजारणीशी मधुमेह आणि स्वयंपाकाच्या तेलावर बोलतात, मुलाला शाळेतून आणतात, घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह बाहेर जेवून त्या नाटकाला जातात. परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या त्या नाटकाला प्रेक्षागृह टाळ्यांनी डोक्यावर घेते.

या प्रसंगांचा खटल्याशी संबंध काय? कथेच्या दृष्टीने पाहिले तर काही नाही. दिग्दर्शकाच्या दृष्टीने मात्र न्याय येथेच ठरत असतो. न्यायालयात कायदा बोलणारी ही माणसे कोणत्या घरातून येतात, काय खातात, कशाला हसतात, कोणाला आपले मानतात, हे कळले की एखाद्या दलित शाहिराचे गाणे त्यांच्या कानावर कसे पडत असेल हेही कळते. आरोपीबद्दल आकस नसलेली, घरासाठी राबणारी, सहज आवडून जावी अशी बाई त्याला तुरुंगात डांबण्याची मागणी तितक्याच सहजपणे करते. मुंबईतील मध्यमवर्गीय प्रेक्षकाला तिच्या लोकलच्या डब्यात आपण बसलेले दिसतो आणि त्या नाट्यगृहातील टाळ्यांत आपल्याही टाळ्या ऐकू येतात. चित्रपटाबद्दलच्या नाराजीत या अस्वस्थतेचाही काही वाटा असावा. खलनायक समोर असला की त्याच्यापासून अंतर राखता येते. येथे ती सोय नाही.

शेवटच्या सहलीचे प्रयोजनही यातूनच उलगडते. आधीच्या दोघांप्रमाणे आता पाळी न्यायाधीशांची. प्रदीप जोशी यांनी रंगवलेले हे गृहस्थ नातलगाच्या न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्राचा आणि अंगठीतील खड्याचा उपाय सुचवतात. दुसऱ्यांच्या आयुष्याचा निवाडा पुराव्यावर करणारा माणूस घरच्या प्रश्नांत कशावर विसंबतो, हे पाहिल्यावर वेगळ्या निकालाची गरज उरत नाही, असे चित्रपटाच्या बाजूने बोलणारे म्हणतात. कांबळे यांचे काय झाले, याचे उत्तरही तेथेच आहे : न्यायाधीश झोपलेले आहेत.

विरोधकांचे म्हणणे

एवढे सगळे मान्य करूनही चित्रपट न आवडणाऱ्यांचे म्हणणे निकालात निघत नाही. संथपणा, विस्कळीतपणा या तक्रारींना चित्रपटाच्या मांडणीतून उत्तर देता येते. माहितीपटासारखा वाटतो, ही तक्रार तर एका अर्थी पावतीच आहे; कारण त्यातील प्रत्येक प्रसंग लिहिलेला, बसवलेला आणि बहुतांशी अव्यावसायिक कलाकारांकडून करून घेतलेला आहे. पण एक आक्षेप यापेक्षा खोल जातो.

हा चित्रपट एका शाहिराविषयी आहे. शाहिरी ही महाराष्ट्रातील सर्वांत थेट कला. डफावर थाप पडली की समोरचा माणूस हलला पाहिजे, गाण्याच्या शेवटापर्यंत तो जागा झाला पाहिजे, ही तिची अट. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्यापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि पुढे संभाजी भगतांपर्यंत ही परंपरा चालत आली. भगतांनीच ‘कोर्ट’ला संगीत दिले आहे. कांबळे यांची गाणी पडद्यावर सुरू झाली की चित्रपटगृहातील हवा बदलते, हे दोन्ही बाजूंचे प्रेक्षक मान्य करतील. मग अशा माणसाची कथा सांगताना दिग्दर्शकाने त्याच्या कलेच्या अगदी उलट शैली का निवडावी? ज्या वस्तीत कांबळे गातात, त्या वस्तीतील प्रेक्षक हा चित्रपट शेवटपर्यंत पाहील का? की हा त्यांच्याविषयी असलेला, पण व्हेनिसच्या प्रेक्षकासाठी बनलेला चित्रपट आहे? त्यात भर म्हणजे वकिलांची आणि न्यायाधीशांची घरे दाखवणारा कॅमेरा कांबळे यांच्या आयुष्यात त्या मानाने फार थोडा वेळ रमतो. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच चित्रपटात सर्वांत अपरिचित राहतो.

या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही आणि ते असल्याचे भासवणेही बरोबर नाही. एक वर्षाने, एप्रिल २०१६ मध्ये, नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने जातीचा प्रश्न गाण्यांवर नाचणाऱ्या गर्दीपर्यंत नेला आणि शेवटच्या काही मिनिटांत त्या गर्दीला निःशब्द केले. थेट भिडण्याची वाट बंद झालेली नव्हती, हे त्याने सिद्ध केले. ‘कोर्ट’च्या बाजूने एवढेच म्हणता येते, की त्याचा विषय शाहीर हा जेवढा आहे, त्याहून अधिक शाहिराला ऐकू न शकणारी व्यवस्था हा आहे. त्या व्यवस्थेची भाषा रटाळ, तुटक आणि भावनाशून्य आहे. चित्रपटाने तीच भाषा उचलली आणि तिच्यात अधूनमधून गाण्याची थाप ऐकवली. गाणे थांबल्यानंतरची शांतता म्हणूनच इतकी जड वाटते. ज्यांना हे पटले त्यांना कंटाळा हा चित्रपटाचा पुरावा वाटला. ज्यांना पटले नाही त्यांना तो दोष वाटला. दोघांनी अनुभवला मात्र एकच कंटाळा.

सुवर्णकमळाचे ओझे

या वादात पुरस्कारांची भूमिकाही तपासायला हवी. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नसता, तर बहुतांशी अव्यावसायिक कलावंत असलेला, चार भाषांत बोलणारा, गाजलेला चेहरा नसलेला हा चित्रपट किती पडद्यांवर पोहोचला असता, हा प्रश्नच आहे. पुरस्काराने त्याला प्रेक्षक मिळवून दिले, हे निर्विवाद. पण त्याच पुरस्काराने त्या प्रेक्षकांची अपेक्षाही ठरवून टाकली. ‘देशातील सर्वोत्कृष्ट’ या शिक्क्यामुळे चित्रपट पाहणे ही परीक्षा झाली. आवडला नाही तर आपल्यालाच कळत नाही की काय, ही शंका. आणि शंकेवर उतारा म्हणून आलेला राग : हे असले चित्रपट पुरस्कारांसाठीच काढतात! चित्रपटापेक्षा त्याच्या शिक्क्याशी झालेले हे भांडण होते. ‘कोर्ट’ला दोष देणाऱ्या आणि डोक्यावर घेणाऱ्या कित्येकांनी चित्रपटाविषयी कमी आणि एकमेकांविषयी जास्त मत दिले.

ऑस्करच्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. भारताच्या चित्रपटांपैकी तोवर ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ हे तीनच अंतिम पाचांत पोहोचले होते. व्हेनिसची मोहर असलेला ‘कोर्ट’ चौथा ठरेल, अशी आशा त्याच्या चाहत्यांना होती. इतका स्थानिक, इतका संयत चित्रपट अमेरिकेतील मतदारांना कसा कळणार, असे इतरांचे म्हणणे होते. जगभरातील सुमारे ८० चित्रपटांतून डिसेंबरमध्ये नऊंची यादी निघाली. तीत ‘कोर्ट’ नव्हता. वेगळ्या वाटेचे चित्रपट तेथे चालत नाहीत, असा निष्कर्ष काढणे मोहाचे होते. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये पुरस्कार मिळाला तो हंगेरीच्या ‘सन ऑफ सॉल’ला. नाझी छळछावणीवरील तो चित्रपटही तितकाच अपारंपरिक. फरक एवढाच, की ‘कोर्ट’चा कॅमेरा माणसांपासून दूर उभा राहतो, तर ‘सन ऑफ सॉल’चा कॅमेरा नायकाच्या मानेशी आणि चेहऱ्याशी चिकटून चालतो आणि भोवतीचे सारे भीषण जग धूसर ठेवतो. एकाने सर्व काही दाखवून पाहण्याचे काम प्रेक्षकावर सोपवले, दुसऱ्याने जवळजवळ काहीच न दाखवता प्रेक्षकाला जखडून ठेवले. पुरस्कार वेगळेपणाला नाकारत नाहीत आणि केवळ वेगळेपणासाठी मिळतही नाहीत, एवढाच धडा यातून घेता येतो.

दहा वर्षांनंतर

वाद शमला की चित्रपट उरतो. ताम्हाणे यांच्या पुढच्या ‘द डिसायपल’ने २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळवला, हिंदुस्थानी संगीताच्या साधनेत अपयशी ठरणाऱ्या गायकाच्या त्या कथेनेही प्रेक्षकांत असेच दोन तट पाडले. नारायण कांबळे साकारणारे नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक वीरा साथीदार एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत गेले. चळवळीत आयुष्य घालवलेल्या या माणसाचा चेहरा बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना ठाऊक झाला तो या एका भूमिकेमुळे.

चित्रपटातील काही गोष्टी आता इतिहासजमा झाल्या आहेत. १८७६ चा तो नाट्यप्रयोग कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. काही गोष्टी मात्र जिथल्या तिथे आहेत. गटारात माणूस उतरवण्यावर कायद्याने बंदी घातली ती २०१३ मध्ये, म्हणजे ‘कोर्ट’ पडद्यावर येण्यापूर्वी. त्यानंतर दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. मृत्यू थांबले असते, तर भरपाई वाढवण्याची वेळ आली नसती.

झुरळ दिसते का, हे पाहून आत उतरणाऱ्या माणसाची गोष्ट त्याच्या पत्नीने त्या न्यायालयात सांगितली, तेव्हा न्यायाधीशांनी ती नोंदवून घेतली आणि पुढची तारीख दिली. चित्रपटगृहात बसलेल्यांपैकी कोणी ती कान देऊन ऐकली, कोणी तोवर घड्याळाकडे पाहत होते. ‘कोर्ट’ आवडला की नाही, यावर मतभेद राहणारच. ती साक्ष ऐकू आली की नाही, हा प्रश्न मात्र आवडीनिवडीचा नाही.